अर्धपोटी नंदी

टिकारामच्या कोठ्यात यंदाच्या पोळ्याला बैल नव्हते, दोन बॅटऱ्या होत्या. गव्हाणीत एक मातीचं मडकं, मडक्यात वाळू आणि वाळूवर साबणाच्या वडीएवढ्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी. बैलजोडी त्याने उन्हाळ्यातच विकली होती. धानाची सगळी कामं टेकचंदच्या ट्रॅक्टरने व्हायला लागली होती आणि बैल नुसते बसून खात होते. घरात कुणी बसून खात असलं की टिकारामला चैन पडत नसे. अपवाद फक्त स्वतःचा.

बॅटऱ्या होत्या लाकडी नंदीसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आसगावात तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत, देवळापुढच्या तोरणाखालून नेतात. पहिला नंदी टिकारामच्या घरचा, हा शिरस्ता त्याच्या आजोबांपासूनचा. पण मागच्या वर्षी टेकचंदने डोळे चमकणारा नवा कोरा नंदी आणला आणि मान मागितला. दोघांचे नंदी एकाच वेळी तोरणाखाली घुसले, शिंगांत शिंगं अडकली, आणि सोडवता सोडवता दोघांच्याही धोतरांचे सोगे सुटले. शेवटी गावच्या म्हाताऱ्यांनी निकाल दिला: पुढल्या वर्षी पहिली संधी टिकारामला, पण त्याचा नंदी अडला, तर मान कायमचा टेकचंदकडे.

"अडनच," टेकचंद चारचौघांत म्हणाला. "चाकं पाहा ना त्याची. म्हाताऱ्या बुडग्यावानी कण्हून राहिली."

टिकारामचं डोकं फिरलं. "पुढल्या साली माहा नंदी दोरीबिगर चालन! दोरीले हात लावला तं मान तुहा!"

हे बोलून झाल्यावर दोरीशिवाय लाकडी नंदी कसा चालणार, याचा विचार करायचं काम त्याने मुलावर सोपवलं. मुलगा भुपेंद्र नागपूरला कंपनीत होता आणि त्याला एक खोड होती. सुट्टी मिळाली की रिमोटवर चालणारी वीतभर उंचीची जीप घेऊन तो आंबागडच्या किल्ल्यापर्यंत जायचा आणि ती खडकांवर चढवत बसायचा. लग्न झालेला, एका पोरीचा बाप असलेला माणूस खेळण्यातली जीप डोंगरावर चढवतो, हे टिकाराम आजवर पाहुण्यारावळ्यांपासून लपवत आला होता. आता तीच जीप कामाला आली. भुपेंद्रने तिची चाकं, मोटर सगळं काढून नंदीच्या पोटाखाली बसवलं आणि नंदी अंगणात आपला आपण चालला. टिकारामच्या बायकोने, आनंदाबाईंनी, लगेच मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली.

भुपेंद्रला कामावर परत जायचं होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी तो येणार होता. सून टीना आणि नात मोना आसगावातच थांबणार होत्या. जाण्याआधी त्याने बापाला गव्हाणीपाशी उभं केलं.

"बाबा, ध्यानात ठेवा. दोनी बॅटऱ्या आता अर्ध्याच भरून हायेत. अर्ध्याच राहू द्या."

"काहून? पुऱ्या भरत नाही का?"

"भरते ना. पण काम नसताना पुरी भरून ठेवली का खराब होते. पुरी रिकामी ठेवली तरी खराब होते. कामाच्या दिवशी सकाळी भराची."

"म्हंजे काम नसन तं अर्धपोटी."

"हो."

"अन् काम असन तं पोटभर."

"हो, तसंच."

"मंग बैलापरस वेगळं काय सांगून राहिला?"

भुपेंद्रला हायसं वाटलं. त्याने चार्जर दाखवला, पांढरी पिन दाखवली. बॅटरीच्या आत तीन कप्पे असतात आणि तिन्ही सारखे भरावे लागतात, हे सांगितलं. एका गव्हाणीवर तिघं जेवतात आणि एकानेच जास्त खाऊन चालत नाही, असं टिकारामने त्याचं मराठीत भाषांतर केलं. भरत असताना जवळ माणूस बसलेला हवा. वरून काही झाकायचं नाही, हवा लागू द्यायची. तणसाच्या पेंढ्यांजवळ ठेवायची नाही. आणि फुगलेली दिसली तर तिच्या वाटेला जायचं नाही. टिकाराम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. बाप इतक्या लवकर शास्त्र शिकला याचं भुपेंद्रला कौतुक वाटलं आणि तो पवनीकडे जाणाऱ्या गाडीत निर्धास्त बसला. इथेच चुकलं. बाप बॅटरीचं शास्त्र शिकला नव्हता. त्याने बॅटरी बैलांत जमा केली होती.

आणि बापाने एकट्याने केली असती तरी निभावलं असतं. बॅटरी अर्धी ठेवायची म्हणजे ठेवायची, हे त्याला पटलं होतं. रोज संध्याकाळी तो खाटेवर बसून रिमोट हातात घ्यायचा आणि सराव करायचा. बॅटरीला हात लावायचा नाही असं बजावलेलं असल्यामुळे नंदी जागचा हलत नसे, पण रिमोटवरचा हिरवा दिवा लागे. "पुढं... डावीकडं... थांब रे राजा," असं म्हणत तो बटणं दाबत राही, आणि जेवायची हाक आली की रिमोट तसाच भिंतीतल्या देवळीत ठेवून उठे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आनंदाबाई हळदतुपाची वाटी घेऊन कोठ्यात गेल्या. या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, त्यांना हळदतूप लावायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हे त्या या घरात सून म्हणून आल्यापासून करत होत्या. कोठा रिकामा पाहून त्या दारातच थबकल्या. मग त्यांची नजर गव्हाणीतल्या मडक्यावर गेली. बॅटऱ्यांना खांदे नव्हते. पण दोघींनाही पुढे दोन दोन तारा आणि त्यांच्या टोकाला पिवळ्या टोप्या होत्या. ओझं ओढायचं ते त्याच तारांनी, मग खांदा तो हाच, असा हिशेब त्यांनी केला आणि टोप्यांच्या आत बोट घालून भरपूर हळदतूप लावलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्या बॅटऱ्यांना म्हणाल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी पोळा. दुपारी टिकाराम फेटा बांधून पोळ्याला निघाला. हातात कासरा नव्हता. अशा रिकाम्या हातांनी तो पोळ्याला पहिल्यांदाच जात होता आणि त्याला फार लाज वाटत होती. ते हात कुठे ठेवावे हे न समजून त्याने ते पाठीमागे बांधले. घरात पुरणाचा वास सुटला होता. आनंदाबाईंनी पहिली पोळी तव्यावरून उतरवली आणि त्या एकदम थांबल्या.

"टीना, आपण त्याहिले आवतन देलं ना."

"कोणाले, आई?"

"गव्हाणीतल्याहिले. आवतन देऊन अर्धपोटी ठेवाचं? पोळ्याच्या दिवशी? ह्या घरात आजवर कोणी उपाशी नाही राहिलं."

"पण आई, ह्याहिनं बजावलं होतं, उद्या सकाळीच भराची म्हणून."

"त्याले पोळ्याचं काय समजते! नागपूरवाला झाला थो."

टीनाला सासूचं म्हणणं पटलं नाही, पण पुरण घोटताना सासूशी वाद घालू नये एवढं तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. चार्जर कोठ्यात आला. आनंदाबाईंनी भुपेंद्रने केलं होतं तसंच पहिल्या बॅटरीची टोपी त्यात खोचली. चार्जर जोरात पीं-पीं करून ओरडला आणि त्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं लुकलुकली.

"काय म्हणते थो?"

टीनाने वाचलं. "जोडलंच नाही म्हणते."

"डोळ्यानं दिसून राहिलं जोडलेलं. आंधळा हाय का हा?"

टीनाने टोपी काढून पाहिली. आत हळदतूप घट्ट बसलं होतं. तिने सासूकडे पाहिलं, सासूने छताकडे पाहिलं. टीनाने नखांचा रंग काढायची बाटली आणि कापूस आणला आणि दोन्ही बॅटऱ्यांचे खांदे धुऊन, पुसून, वाळवून लख्ख केले. आता चार्जर गप्प बसला, आकडे वर चढू लागले आणि आनंदाबाईंच्या जिवाला बरं वाटलं. जवळ माणूस बसलेला हवा म्हणून त्या स्वतः पोळपाट घेऊन गव्हाणीशेजारी बसल्या. टीना तवा सांभाळायला गेली.

काही वेळाने चार्जरने एकदा गोड आवाज केला. भरलं, असं त्याचं म्हणणं होतं.

"एवढ्यातच?" आनंदाबाई बॅटरीला म्हणाल्या. "चिमणीएवढं जेवली बाप्पा." त्यांनी टोपी काढून पुन्हा लावली. चार्जरने परत थोडं भरलं, परत गोड आवाज केला. "अजून दोन घास. लाजू नको." परत टोपी काढली, परत लावली. आनंदाबाईंच्या पंगतीत पहिल्या नकारावर उठलेला माणूस अख्ख्या पवनी तालुक्यात नव्हता, तिथे बॅटरीची काय कथा. मधेच कोठ्यात माश्या आल्या. जेवणाऱ्याच्या अंगावर माशी बसू नये म्हणून त्यांनी जुन्या बैलाची आरसे लावलेली जाड झूल आणली आणि बॅटरी-चार्जरवर पांघरली. मग दर थोड्या वेळाने झुलीखाली हात घालून त्या आग्रह करत राहिल्या.

टिकाराम पोळ्याहून परतला तो पडलेल्या चेहऱ्याने. तोरण तुटलं होतं, सगळ्यांचे बैल नाचले होते, आणि कुणीतरी त्याला सहज विचारलं होतं, "तुमचे बैल कुटी हायेत जी?" तो सरळ कोठ्याकडे वळला. रिकाम्या कोठ्यात जरा वेळ बसावं असं त्याच्या मनात होतं. गव्हाणीवर झूल पाहून तो दचकला. झुलीखालून बारीक आवाज येत होता.

"हे काय करून राहिली तू?"

"जेवू घालून राहिली. दुसरं काय?"

त्याने झूल उचलली. बॅटरी हाताला तव्यासारखी लागली. साबणाची वडी आता साबणाची वडी राहिली नव्हती. मधोमध टरारून फुगली होती. टिकाराम गुरांतला जाणता माणूस. पोटफुगी त्याने पन्नास वेळा पाहिली होती, आणि अशा वेळी पहिल्यांदा चारा बंद करायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने चार्जर उपटला, दूर झाला आणि भुपेंद्रला फोन लावला.

"फुगली," तो म्हणाला.

"किती फुगली?"

"डावी कूस पुरी वर आली."

"बॅटरीले कूस नसते बाबा! झाकलं होतं का कशानं?"

टिकारामने बायकोकडे पाहिलं. बायको पोळपाट पुसत होती. "माश्या लय होत्या," तो म्हणाला.

"हात नका लावू. चिमट्यानं उचला, मडक्यात ठेवा, अंगणाच्या मधात नेऊन वरून वाळू टाका. कोणाले जवळ जाऊ देऊ नका. दुसरी कशी हाय?"

"दुसरी उपाशी हाय अजून."

"तिले आज हात नका लावू! उद्या सकाळीच भरा. अन् आईले तिच्याजवळ बसवू नका."

मडकं अंगणाच्या मधोमध गेलं. टिकारामने भोवती राखेचं गोल रिंगण आखलं, आणि रिंगण आखल्याबरोबर लोक जमले. पोळा फुटल्यावर बैल घेऊन घरोघरी पूजेला जायची चाल असल्याने गल्लीत माणसांना तोटा नव्हता. जो येई तो आधी मडक्याकडे बघे, मग टिकारामच्या चेहऱ्याकडे, आणि आजारपण आहे एवढं ओळखून आवाज खाली घेई.

"काय झालं जी?"

"फुगली."

"हिंग अन् तेल पाजा."

"पुढला भाग उंच करा, वारा सरते."

"जरा चालवून आणा ना तिले. बसू नका देऊ."

कोण फुगलं आहे हे कुणी विचारलं नाही आणि सल्ला दिल्याशिवाय कुणी गेलं नाही. मोना रिंगणाबाहेर उभी राहून प्रत्येकाला "जवळ जाऊ नका, उडन!" असं सांगत होती, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. एवढ्यात टेकचंद आपले बैल घेऊन पूजेला आला. त्याला मात्र काय ते लगेच समजलं.

"टिकारामभाऊ," तो मडक्यावरून नजर न काढता म्हणाला, "कण्हणारा नंदी बरा होता. थो फुगत तं नव्हता."

"एक हाय अजून," टिकाराम म्हणाला. आजोबांचा मान साबणाच्या एका वडीवर येऊन ठेपला होता. त्याने टेकचंदच्या बैलांना ओवाळायला आनंदाबाईंना खूण केली आणि तो मडक्यापाशी राखण करत बसला.

सकाळी गावात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. पोरं "रोगराई घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गल्लीतून चालली होती. अपराधी वाटून आनंदाबाई रात्रभर झोपल्या नव्हत्या. त्यांनी मडक्याकडे बोट दाखवलं. "हे बी देऊन टाका तिच्यासंगं. पीडा जाईन."

"तिले गावाबाहेर जाळतात!" टिकाराम ओरडला. "हे जाळलं तं भडका उडन. मारबतीसंगं सारं गाव जाईन!"

पीडा अंगणातच राहिली. टिकारामने दुसरी बॅटरी घेतली, चार्जर घेतला, पिन लावली, बटण दाबलं. चार्जर मेल्यासारखा पडून राहिला. पुन्हा हळद शिरली की काय म्हणून त्याने टोपीत डोकावलं. तेवढ्यात टीना बाहेरून आली.

"मामाजी, लाईन गेली. साऱ्या गावाची गेली. संध्याकाळपर्यंत नाही येत म्हणते."

टिकाराम मटकन खाली बसला. दुष्काळात तेरावा महिना. फोन लावला तर भुपेंद्र गाडीत होता, अर्धं बोलणं हॉर्नमध्ये जात होतं.

"चार्जरले दोन चिमटे हायेत ना, लाल अन् काळा? ते मोठ्या बॅटरीले लावा. ट्रॅक्टरच्या. चालते त्याच्यावर."

"ट्रॅक्टर कोणाचा?" टिकारामने विचारलं, जणू आसगावात टेकचंदशिवाय दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर त्यांच्या दारात येत होता.

टेकचंदचा ट्रॅक्टर त्याच्या अंगणात झेंडूच्या माळा घालून उभा होता. बोनेटवर हळदकुंकू होतं. टेकचंद शेजारी खुर्ची टाकून बसला होता आणि बॅटरी हातात घेऊन येणाऱ्या टिकारामकडे पाहत होता. टिकारामने आयुष्यात त्याच्याकडे काही फुकट मागितलं नव्हतं, आणि सुरुवात आज, याच कामासाठी करावी लागत होती.

"चालू नाही कराचा," टिकाराम घाईने म्हणाला. "आज त्याले सुट्टी हाय, मले समजते. नुसती त्याच्या गव्हाणीवर हिले बांधू दे घडीभर."

टेकचंदने उठून बोनेट उघडलं. आत ट्रॅक्टरच्या बॅटरीला आधीच एक वायर लावलेली होती आणि तिच्या टोकाला छोटा चार्जर, त्यात बोटाएवढे चार सेल.

"माह्या नंदीच्या डोयाचे," टेकचंद खजील होऊन म्हणाला. "लाईन तं माही बी गेली ना."

टिकारामने लाल चिमटा लालला लावला, काळा काळ्याला. दोन चार्जर एकाच ट्रॅक्टरवर शेजारी शेजारी चरू लागले. जवळ माणूस बसायला हवा म्हणून दोघंही बसले. दोघं आकड्यांकडे पाहत राहिले. वरून काही झाकलेलं नव्हतं. टिकारामने उलट आपला फेटा सोडून हळूहळू वारा घातला.

घरी आनंदाबाईंना बॅटरीपासून दूर राहायचा हुकूम होता. खाऊ घालायची हौस त्यांच्या अंगात तशीच अडकून बसली होती. शेवटी त्या पुरणपोळ्यांची परात आणि तुपाची वाटी घेऊन टेकचंदच्या अंगणात आल्या. टेकचंदची बायको माहेरी गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"घ्या भाऊजी."

"नको वहिनी, झाली न्याहारी."

"काय झाली न्याहारी! काल रातचं शिळं खाल्लं असन. घ्या."

एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. चौथीनंतर टेकचंदने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. आनंदाबाईंनी पाचवी पोळी हातांवरच ठेवली आणि तिच्यावर तूप ओतलं.

"वहिनी, त्या बॅटरीवानी होईन माहं!"

चार्जरने गोड आवाज केला. आनंदाबाईंचा हात सवयीने टोपीकडे गेला, पण टिकारामने तो वरच्यावर धरला.

दुपारी भुपेंद्र उतरला. त्याने आधी फुगलेल्या बॅटरीचं दर्शन लांबूनच घेतलं, मग खिशातलं बारीक यंत्र दुसरीला लावून पाहिलं. "एक नंबर भरली बाबा. तिनी कप्पे सारखे." टिकारामने कालपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बॅटरी नंदीच्या पोटात गेली, नंदीच्या शिंगांना बेगड लागली, पाठीवर झूल आली. टिकारामने देवळीतला रिमोट घेतला, उपरण्याने पुसला आणि खिशात घातला.

संध्याकाळी देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं. रांगेत सगळ्यांत पुढे टिकारामचा नंदी. मागे टेकचंदचा, डोळे निखाऱ्यासारखे लाल. त्यामागे पोराटोरांचे लहानमोठे नंदी. किराणा दुकानदारसुद्धा पोरगी आणि नंदी घेऊन रांगेत होता. दोरीबिगर नंदी पाहायला अख्खं गाव लोटलं होतं. कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं कवन, म्हटली, गावाने "हर बोला हर हर महादेव!" केलं, आणि टिकारामने बटण दाबलं.

नंदी चालला. कुणाचा हात नाही, कासरा नाही. आसगावच्या गर्दीतून एक मोठा 'ओहो' निघाला. टिकारामचे डोळे भरून आले. आजोबा हवे होते, असं त्याला वाटलं. नंदीची शिंगं तोरणापासून वीतभरावर आली आणि नंदी थांबला.

टिकारामने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. रिमोट हलवला, कानाशी धरला, आपटला. हिरवा दिवा विझला होता.

"बॅटरी संपली का रे?"

"शक्यच नाही," भुपेंद्र म्हणाला. तो वाकून नंदीच्या पोटात डोकावला. पोटात सगळं ठीक होतं. मग त्याने बापाच्या हातातला रिमोट घेतला, मागचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"याच्यात चार सेल असतात बाबा. बारके. ते बी भरा लागते."

"तू सांगतलं होतं?"

भुपेंद्रने मान खाली घातली. मडकं, वाळू, तणस, कप्पे, झाकण, सगळं सांगितलं होतं. हे राहून गेलं होतं.

टिकाराम कपाळाला हात लावून उभा राहिला. "बैलाले जेवू घालून घालून फुगवलं," तो म्हणाला, "अन् धुरकरी उपाशी ठेवला!"

आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. गाडी हाकणारा धुरकरी दारात आला की बैलांना पाणी आणि त्याला ताट, हे त्यांच्या घरचं व्रत होतं. आणि हा आठवडाभर देवळीत बसून होता. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

"ओढ ना, टिकारामभाऊ," मागून कुणीतरी म्हणालं. पण दोरीला हात लावला तर मान गेला, हे त्यानेच बोलून ठेवलं होतं. सेल विकत आणावे तर किराणा दुकानदार म्हणाला की दुकानाची किल्ली बायकोपाशी आणि बायको नागपूरला मारबत पाहायला गेली ती अजून परतायची आहे. तोरणाच्या तोंडाशी नंदी अडून राहणं गावाला बरं नाही, धानाला बरं नाही, अशी कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग टेकचंदकडे.

"टेकचंद, तुहा नंदी घे समोर."

टेकचंदने आपल्या नंदीच्या मानेवर हात ठेवला. वर्षभर त्याने या एका क्षणाची वाट पाहिली होती. फक्त बाजूने वळसा घालायचा होता. त्याने टिकारामकडे पाहिलं. टिकाराम रिकामे हात पाठीमागे बांधून उभा होता. मग त्याने आनंदाबाईंकडे पाहिलं आणि त्याचा हात नकळत पोटावरून फिरला.

"नाही जमत जी," तो म्हणाला.

"काहून?"

"सकाळी पाच पोळ्या खाल्ल्या मी त्याहिच्या घरच्या. आता त्याहिचा धुरकरी उपाशी ठेवून समोर जाऊ का?"

तो खाली बसला, आपल्या नंदीच्या गळ्याखालचं झाकण त्याने उघडलं आणि बोटाएवढे चार सेल काढले. नंदीचे लाल डोळे विझले. सेल रिमोटमध्ये बरोबर बसले. हिरवा दिवा लागला. घाईत टिकारामला बटण सापडेना, मग मोनाने त्याचं बोट धरून त्यावर ठेवलं.

नंदी तोरणाखालून गेला. पानं शिंगांत अडकून खाली आली आणि गाव ओरडलं. मागोमाग टेकचंदचा आंधळा नंदी दोरीच्या ओढीने निघाला. त्याची दोरी पुढून टिकारामने धरली होती. आपल्या नंदीच्या दोरीला हात लावायचा नाही एवढंच त्याने बोलून ठेवलं होतं. टेकचंदच्या नंदीबद्दल काही ठरलं नव्हतं.

घरी आनंदाबाईंनी आधी पाट मांडला. पाटावर रिमोट ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, पुढे पुरणपोळी वाढली आणि मग नंदीला ओवाळलं. भुपेंद्र काहीतरी बोलणार होता, पण टीनाने त्याला डोळ्यांनी दटावलं. टेकचंद ओसरीवर बसला होता. निघताना तो टिकारामला म्हणाला, "माह्या नंदीचे डोये दे आता."

"उद्या आणून देतो. आज त्याहिनं मेहनत केली, रिकामे कसे देऊ? भरून देतो."

टेकचंदने मान डोलावली, दोन पावलं गेला आणि घाईघाईने परत आला.

"भर," तो हळूच म्हणाला. "पण वहिनीले सांग, आग्रह नको करू."